एक पाय गिरणीत, एक पाय बाहेर : मुंबईच्या पहिल्या औद्योगिकीकरणाची मुळे

वाफेवर चालणारी कापडगिरणी हिंदुस्थानात कुठे काढावी, असे १८५०च्या सुमारास एखाद्या हिशेबी माणसाला विचारले असते, तर त्याने मुंबईचे नाव घेतले असतेच असे नाही. कोळसा जवळपास कुठे नव्हता. तो इंग्लंडहून जहाजाने यायचा. यंत्रे लँकेशायरहून मागवायची आणि ती जोडणारा, बिघडली तर दुरुस्त करणारा माणूसही तिथूनच आणायचा. कापूस पिके तो खानदेशात, वऱ्हाडात, गुजरातेत, धारवाडकडे. बेटावरची जागा महाग, पाण्याची ओढाताण नेहमीची. त्यात लँकेशायरचे स्वस्त कापड याच बंदरात उतरत होते, आणि जकात ठरवणाऱ्या सरकारवर लँकेशायरचा वचक होता. मुंबईच्या बाजूने बोलणारी एक गोष्ट होती ती म्हणजे दमट हवा. तिच्यात धागा कमी तुटतो. एवढ्या भांडवलावर १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ काढली. १८५६ साली ताडदेवला चात्या फिरू लागल्या. शतक संपता संपता शहरात ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या आणि त्यांत सत्तर हजारांहून जास्त माणसे राबत होती.

हे घडले कसे, याची दोन उत्तरे आपल्याकडे तयार असतात. पहिले उत्तर शेटजींच्या चरित्रांतून आलेले : दूरदृष्टीचे, धाडसी पारशी, भाटिया आणि खोजा व्यापारी पुढे सरसावले आणि त्यांनी देशात उद्योग आणला. दुसरे राष्ट्रीय चळवळीने दिलेले : इंग्रजांनी देशी उद्योग दडपला आणि त्या दडपणाला न जुमानता मुंबई उभी राहिली. दोन्हींत तथ्य आहे, पण खरा प्रश्न दोन्हींच्या हाती लागत नाही. धाडस सुरतेच्या व्यापाऱ्यांकडे त्याआधी दोनशे वर्षे होतेच. मग गिरणी तेव्हा का नाही? आणि दडपण सोसून वाढ झाली असेल, तर ती कापसातच का, मुंबईतच का आणि जाड्याभरड्या सुतातच का?

इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीवर झालेल्या वादातूनही आयते उत्तर मिळत नाही. रॉबर्ट ॲलन यांची मांडणी अलीकडे फार गाजली. तिथे मजुरी महाग होती आणि कोळसा स्वस्त, म्हणून माणसाचे काम यंत्राकडे देणे परवडले, असे ते म्हणतात. मुंबईत नेमके उलटे होते. मजूर स्वस्त, कोळसा महाग. केनेथ पोमेरान्झ कोळशाबरोबर अमेरिकेतल्या वसाहतींच्या जमिनीकडे बोट दाखवतात. मुंबईच्या नावावर वसाहत नव्हती, ती स्वतःच एका वसाहतीचे बंदर होती. इथे यंत्राचा शोध लावायचा नव्हता, लागलेला शोध विकत आणायचा होता. ब्रिटनने यंत्रांच्या निर्यातीवरचे निर्बंध १८४३ साली उठवले, म्हणजे दावरांच्या गिरणीच्या जेमतेम दहा वर्षे आधी. त्यामुळे मुंबईपुरता प्रश्न दोन भागांत विचारावा लागतो. ज्यांच्याकडे पैसा होता ते व्यापार सोडून, किंवा न सोडता, गिरणीकडे का वळले? आणि ज्यांच्याकडे पैसा नव्हता ते गाव सोडून, किंवा न सोडता, गिरणीत का आले?

आधी पैसा. तो कुठून आला, हे सांगताना आपल्याकडे जरा अवघडल्यासारखे होते, कारण त्यातला मोठा भाग अफूचा आहे. अमर फारुकी यांनी या विषयावर सविस्तर लिहिले आहे आणि त्यांच्या पुस्तकाच्या नावातच मुंबईला अफूचे शहर म्हटले आहे. बंगालमध्ये अफूची लागवड आणि विक्री कंपनीच्या मक्त्याखाली होती. शेतकऱ्याकडून माल कंपनीच घेई आणि कलकत्त्यात लिलावाने विकी. तिथे देशी व्यापाऱ्याला फारशी फट नव्हती. माळव्याची अफू मात्र शिंदे-होळकरांच्या आणि इतर संस्थानिकांच्या मुलखात पिके. तिच्यावर कंपनीचा थेट हात पोचत नव्हता. ती रोखण्याचे प्रयत्न फसले. माल वळसे घेऊन कराचीमार्गे पोर्तुगिजांच्या दमणला जाऊ लागला. तेव्हा १८३०च्या सुमारास कंपनीने शहाणपणा केला आणि परवान्याचे शुल्क घेऊन तो मुंबईतूनच जाऊ द्यायला सुरुवात केली. माळव्यातला सावकार, मुंबईतला अडत्या, जहाजाचा मालक आणि कँटनमधला भागीदार अशी साखळी तयार झाली, आणि तिच्यातली पुष्कळ माणसे देशी होती. जमशेटजी जिजीभाई हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. कापूस आणि अफू चीनला पाठवून त्यांनी जी संपत्ती मिळवली, तिच्यातूनच त्यांच्या नावाचे रुग्णालय आणि कलाशाळा मुंबईला मिळाली.

मराठी मुलखाचा इतिहास वाचताना ही बाजू सहसा नजरेआड राहते. १८१८ साली पेशवाई बुडाली, पण शिंदे-होळकरांची संस्थाने उरली, आणि त्या उरण्याचा एक आर्थिक परिणाम म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर देशी भांडवल साठायला जागा राहिली. कलकत्त्याच्या आसपास तागाच्या गिरण्या निघाल्या त्या बहुतेक गोऱ्या कंपन्यांच्या, आणि मुंबईत कापसाच्या गिरण्या निघाल्या त्या मुख्यतः देशी माणसांच्या. या फरकाची इतरही कारणे आहेत, पण हे एक कारण मला वजनदार वाटते.

तरी ‘अफूचा पैसा गिरणीत आला’ एवढे म्हणून भागत नाही. एरिक विल्यम्स यांनी १९४४ साली ब्रिटनच्या उद्योगाचे मूळ गुलामांच्या व्यापारात दाखवले, तेव्हा जो आक्षेप निघाला तोच इथेही लागू आहे. पैसा होता हे खरे, पण चालता नफ्याचा धंदा सोडून कोणी चाकांच्या आणि पट्ट्यांच्या भानगडीत का पडेल? गिरणी म्हणजे अडकलेला पैसा. हुंडी महिन्या-दोन महिन्यांत सुटते. चात्या विकायला काढल्या तर गिऱ्हाईक शोधावे लागते.

या प्रश्नाचे मला सर्वांत पटणारे उत्तर राजनारायण चंदावरकर यांनी १९९४च्या आपल्या मोठ्या ग्रंथात दिले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मुंबईचे व्यापारी उद्योगाकडे वळले ते व्यापारातल्या विजयामुळे नव्हे, तर व्यापारातल्या पीछेहाटीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यांचे एकेक क्षेत्र हातातून निसटू लागले. आगबोटी आल्या आणि शिडाच्या जहाजांवर उभी असलेली देशी जहाजवाहतूक मागे पडली. चीनच्या व्यापारात गोऱ्या पेढ्या आणि त्यांच्याशी सलगी असलेले मोजके लोक वरचढ झाले. पुढे अफूवर ससून घराण्याची पकड बसली. आणि कापसाच्या निर्यातीत रॅली, फोल्कार्ट यांसारख्या युरोपीय कंपन्यांनी थेट खानदेश-वऱ्हाडच्या बाजारांत आपले खरेदीदार बसवले.

इथे रेल्वेची गंमत पाहण्यासारखी आहे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि त्याच वर्षी कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका दैनिकात लिहिले, की रेल्वेपाठोपाठ हिंदुस्थानात आधुनिक उद्योग आल्यावाचून राहणार नाही. भाकीत खरे ठरले म्हणायचे, पण त्याने सांगितलेल्या वाटेने नव्हे. इंजिने आणि रूळ इंग्लंडहूनच येत राहिले, त्यामुळे रेल्वेच्या पोटी लोखंडाचे कारखाने काही लगेच जन्मले नाहीत. भोरघाट १८६३ साली ओलांडला गेला, १८६७ साली गाडी नागपूरला पोचली, तारायंत्र आले, आणि या सगळ्याने परदेशी खरेदीदार कापसाच्या शेताजवळ नेऊन ठेवला. मुंबईचा दलाल मधल्यामध्ये उघडा पडला. त्याच्याकडे बाजाराचे ज्ञान होते, पत होती, माल होता. निर्यातीची मलई मात्र दुसरीकडे जाऊ लागली. मग तोच कापूस इथे कातून विकला तर? गिरणी म्हणजे कापसाच्या व्यापाऱ्याने आपल्या मालासाठी शोधलेले आणखी एक गिऱ्हाईक होते. कापसाला भाव चांगला असला तर गाठी विका, नसला तर सूत काढा.

अमेरिकेतल्या यादवीच्या काळात हेच उलट्या बाजूने दिसते. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेचा कापूस अडकला, लँकेशायर हिंदुस्थानी कापसावर तुटून पडले आणि मुंबईत नेहमीच्या उलाढालीच्या वर सुमारे ८ कोटी पौंड उतरले, असे सांगितले जाते. या लाटेवर गिरण्या उभ्या राहिल्या असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. प्रत्यक्षात १८६५ साली शहरात गिरण्या होत्या जेमतेम दहा. कापूस सोन्याच्या मोलाने विकला जात असताना तो कातत बसणार कोण? पैसा गेला तो समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्यांत, वित्तसंस्थांत, सट्ट्यात. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे राजे. १८६५च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस कोसळला, १ जुलैला वायद्यांची तारीख आली आणि शहरातल्या मोठमोठ्या पेढ्या झोपल्या. बँक ऑफ बॉम्बेही त्यात गेली. १८६४च्या मोजणीत मुंबईची लोकसंख्या ८ लाख १६ हजार होती. १८७२च्या शिरगणतीत ती ६ लाख ४४ हजारांवर आली. गिरण्यांचे पीक आले ते यानंतर, १८७०च्या दशकात. कापूस स्वस्त होता, सट्ट्याने हात पोळले होते, सुएझचा कालवा १८६९ साली उघडला होता आणि निर्यातीचा धंदा परक्यांच्या हाती जात होता. तेजीने नव्हे, मंदीने उद्योग वाढवला. हा मुद्दा चंदावरकरांच्या मांडणीला बळकटी देणारा आहे.

या जन्मकथेची छाप धंद्याच्या अंगावर कायमची राहिली. दावरांच्या कंपनीचे भांडवल ५ लाखांचे होते आणि त्याचे भाग होते ५-५ हजारांचे शंभर, म्हणजे घेणारे ठरलेलेच, बाजारातले बडे व्यापारी. प्रत्येकाने थोडा थोडा पैसा घातला. सगळे एका टोपलीत कोणीच टाकले नाही. गिरणी चालवायची ती मॅनेजिंग एजंटने, आणि त्याचे कमिशन ठरे ते नफ्यावर नव्हे तर उत्पादनावर, सुताच्या दर पौंडामागे पाव आणा. भागधारकाला तोटा झाला तरी एजंटाचे पाव आणे चुकत नसत. शिवाय कापूस खरेदी करणारा, यंत्रे मागवणारा, सूत विकणारा अनेकदा तोच किंवा त्याचा भाऊबंद. गिरणी ही त्याच्या व्यापाराची एक शाखा होती, आणि ती तशीच चालवली गेली. जमशेटजी टाटांसारख्या माणसाचीही सुरुवात याच रीतीने झाली. १८६९ साली त्यांनी चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांत नफ्याने विकून टाकली. १ जानेवारी १८७७ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू करणारे टाटा हे वेगळे गृहस्थ आहेत. कापसाच्या शेताजवळ गिरणी, नव्या धर्तीच्या रिंग चात्यांचे प्रयोग, कामगार टिकावा म्हणून सोयी. पण असा उद्योगपती हा अपवाद होता, आणि आपली चरित्रे अपवादांचीच लिहिली जातात.

माल कोणता काढायचा हेही व्यापारानेच ठरवले. लँकेशायरच्या तलम कापडाशी टक्कर घेण्यात अर्थ नव्हता. मुंबईने कमी नंबरचे जाडे सूत काढले आणि ते देशातल्या हातमागवाल्यांना आणि चीनला विकले. चीनची वाट अफूने आधीच मळलेली होती. त्याच जहाजांतून, त्याच अडत्यांमार्फत सुताच्या गाठी गेल्या. हे इतके फायद्याचे होते की कित्येक गिरण्यांनी माग बसवलेच नाहीत. मग जपान सुतात उतरला, १८९३ साली सरकारने टाकसाळी चांदीला बंद केल्याने रुपया चिनी चांदीच्या मानाने महागला, १८९६ साली प्लेग आला, आणि चीनचा बाजार हातून जाऊ लागला. तेव्हा कुठे मुंबईने विणाईकडे नेटाने लक्ष दिले.

सरकारच्या भूमिकेवर फार लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात. १८८२ साली कापडावरची आयात जकात पूर्ण उठवली गेली. १८९४ साली तिजोरीसाठी ती परत लावावी लागली, तेव्हा लँकेशायरची समजूत काढायला देशी गिरण्यांच्या मालावरही कर बसवला गेला. १८९६पासून तो देशी कापडावर साडेतीन टक्के झाला आणि तब्बल तीस वर्षे राहिला. याला न्याय म्हणणे कठीण आहे. अमियकुमार बागची यांनी देशी भांडवलाच्या कोंडीची जी कारणे दिली आहेत, त्यांत बँकांचा, रेल्वेचा आणि सरकारी खरेदीचा वर्णभेद मोठा आहे, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. पण जाड्या सुताला हा कर फारसा बाधला नाही. जकातीमुळे मुंबईचा उद्योग जन्मला नाही आणि जकात नसल्याने तो मेलाही नाही. त्याला एका कोपऱ्यात राहायला मात्र तिने शिकवले.

मराठी वाचकाला इथे एक प्रश्न टोचतो, आणि तो टाळू नये. या मालकांत मराठी माणूस कुठे होता? जवळपास नव्हताच. नाना शंकरशेट यांच्याकडे पैसा होता, वजन होते. रेल्वे आणण्याच्या खटपटीत ते अगदी पहिल्या फळीत होते. पण ते एकटेच, आणि गिरण्यांची खरी लाट येण्याआधी, १८६५ सालीच वारले. याचे कारण मराठी स्वभावात शोधण्याची आपल्याला खोड आहे. मला ती निरर्थक वाटते. गिरणी काढायला चीनशी, कापसाच्या निर्यातीशी आणि जहाजांशी दोन-तीन पिढ्यांची ओळख लागत होती, आणि त्या साखळ्या सुरत, कच्छ, काठेवाडातून आलेल्या जातींच्या हाती होत्या. देशावरचे मराठी भांडवल पेशवाईत महसुलाच्या उचलीवर आणि सरदारांच्या कर्जावर पोसलेले. राज्य गेले तसा त्याचा धंदाही गेला आणि उरली ती खेड्यातली सावकारी. शिकलेला वर्ग कचेऱ्या, शाळा आणि वर्तमानपत्रांकडे गेला, कारण तिथे त्याला भांडवल लागत नव्हते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९०च्या दशकात औद्योगिक परिषदेतून आणि व्याख्यानांतून उद्योगाचा घोष लावला, तोपर्यंत मुंबईच्या बाजारातल्या जागा भरून गेल्या होत्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे उद्योग काढला तो बेळगावच्या सायकल दुकानातून आणि लोखंडी नांगरातून, म्हणजे अगदी वेगळ्या दाराने.

मराठी माणूस गिरणीत होता तो खाली, मागावर आणि चातीवर. आता त्या बाजूकडे.

मालकांचे एक गाऱ्हाणे पहिल्यापासून होते : मजूर मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, पावसाच्या तोंडावर गावाला पळतो, शिस्त त्याच्या रक्तात नाही. सरकारी समित्यांपुढे हे इतक्यांदा बोलले गेले की ते पुस्तकांत सत्य म्हणून शिरले. मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६५ साली गिरणी कामगारांवरच्या आपल्या अभ्यासात त्याला धक्का दिला. मजुरांचा तुटवडा कधीच नव्हता, असे त्यांनी दाखवले. बेशिस्त होती ती मालकांनी पत्करलेली. माणूस रोज बदलला तरी चालते, अशीच कामाची रचना त्यांनी ठेवली होती. मॉरिस यांची इतर मते मला पटत नाहीत. विशेषतः इंग्रजी राजवटीने देशी कारागिरीचे फारसे नुकसान केले नाही, असे त्यांनी सुचवले, त्यात घाई आहे. पण हा मुद्दा त्यांनी कायमचा निकालात काढला असे म्हणायला हरकत नाही.

मजूर आला कुठून? १९११च्या शिरगणतीच्या वेळी गिरण्यांतले जवळजवळ निम्मे लोक एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच. बाकीचे सातारा, पुणे, कुलाबा, नगर, आणि मग उत्तरेकडचे. रत्नागिरीच का? जमीन खडकाळ, वरकस, तुकड्या-तुकड्यांची. वर खोत. कुळाने पिकवायचे आणि खोताचा वाटा घालून उरेल त्यात वर्ष काढायचे. सावकाराचे कर्ज होतेच. हे सगळे दारिद्र्य देशातल्या आणखी पन्नास जिल्ह्यांतही होते. पण कोकणाला बाहेर पडण्याची सवय आधीपासून होती. कंपनीच्या मुंबई फौजेत कोकणातले मराठे आणि महार पिढ्यान्पिढ्या भरती होत होते, आणि समुद्राची वाट खुली होती. दाभोळ, जयगड, विजयदुर्गहून आधी मचवे आणि मग आगबोटी मुंबईला येत. घाटावरून मुंबई लांब होती. कोकणातून ती एका रात्रीच्या टप्प्यात आली.

पण हा माणूस गाव सोडून आला नाही. तो चाकरमानी झाला. बायको-पोरे, म्हातारी माणसे गावाला. शेत बाईने आणि भावाने पाहायचे. मुंबईहून मनीऑर्डर जायची. शिमग्याला, गणपतीला, पेरणीला जमेल तसे गाव गाठायचे. मालकांनी याला मागासलेपणा म्हटले आणि काही अभ्यासकांनी ‘अर्धवट कामगार’ म्हटले. मी याकडे असे पाहतो, की गिरणीची नोकरी बेभरवशाची होती. सुताला भाव नसला की पाळी बंद, माणूस घरी. आजारपणाला, म्हातारपणाला, बाळंतपणाला, संपाच्या दिवसांना कोणी पैसे देत नव्हते. ते सगळे गावाने पोसले. पगार एकट्या माणसाच्या पोटापुरता ठेवता आला, कारण उरलेले कुटुंब भाताच्या खाचरावर जगत होते. म्हणजे मुंबईच्या स्वस्त मजुरीतला एक हिस्सा रत्नागिरीतल्या बायका नांगरणी-लावणीत भरत होत्या, आणि तो कुठल्याही गिरणीच्या ताळेबंदात दिसत नाही.

मालकाने एक पाय व्यापारात ठेवला तसा कामगाराने एक पाय गावात ठेवला. दोघांनाही गिरणीवर पुरता भरवसा नव्हता, आणि दोघांच्याही या सावधपणाने ती गिरणी कायम तशीच राहिली : थोड्या गुंतवणुकीची, भावाप्रमाणे फुगणारी-आटणारी, बदली कामगारांवर चालणारी. ग्रेगरी क्लार्क यांनी १९८७च्या एका गाजलेल्या लेखात जगभरच्या गिरण्यांची तुलना करून विचारले, की तेच यंत्र असताना मुंबईचा कामगार लँकेशायरच्या मानाने इतकी कमी यंत्रे का सांभाळतो? त्यांनी कामगाराच्या वृत्तीकडे बोट दाखवले. मला हे पटत नाही. मालक स्वस्त, आखूड धाग्याचा कापूस मिसळून कातत. धागा सारखा तुटे, आणि तुटलेला धागा सांधायला माणसे जास्तच लागत. मजूर स्वस्त आणि कापूस महाग असेल, तर हिशेब असाच होणार.

हे दोन सावध पक्ष जिथे भेटत तिथे जॉबर उभा होता. दारावर भरती करणारा तोच, खात्यात काम वाटणारा तोच, बदलीवर घेणारा, काढणारा, दस्तुरी खाणारा तोच. बायकांच्या खात्यात नायकीण. तो बहुधा आपल्या गावचा, नात्याचा. उसने पैसे तोच देई किंवा मिळवून देई, आणि राहायला गाळ्यात जागा, जेवायला खाणावळ दाखवी. पगार उशिरा होत, तोवर वाण्याचे आणि पठाणाचे व्याज चढे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभेतून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, तशीच महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा हीही होती. पंधरा तारीख ही मागणी असेल, तर प्रत्यक्षात काय चालले असेल ते कळते. रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली. लोखंडे सत्यशोधक होते, जोतीराव फुल्यांचे सहकारी, आणि स्वतः गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले. शेतकऱ्याचे कर्ज आणि गिरणी कामगाराचे व्याज हे एकच प्रकरण आहे, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

नव्या यंत्रापुढे जात विरघळेल ही अपेक्षाही फोल ठरली. विणाई खात्यात पगार बरा, पण तिथे अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि ज्याला त्यांचे तोंड लागले त्याला आपण तोंड लावायचे नाही, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे. मालकाला याची अडचण नव्हती आणि कामगार पुढाऱ्यांनाही बराच काळ नव्हती. १९२८च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न त्यांच्यापुढे रोखून धरला. चाळी आणि खाणावळीही जातवार, गाववार होत्या. गावातून माणूस एकटा आला नाही, गाव घेऊन आला. त्यातले आधार आले तसे अन्यायही आले.

हातमागाचा मुद्दा राहिला. यंत्राने विणकर बुडाला आणि बुडालेला विणकर गिरणीत गेला, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. मदनपुऱ्यात स्थिरावलेल्या उत्तरेतल्या मोमीन विणकरांच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे. पण धनंजयराव गाडगीळांनी १९२४ सालीच दाखवले होते, की शहरी कारागिरी ढासळण्यामागे नुसती विलायती मालाची स्पर्धा नव्हती, तर दरबार मोडले आणि गिऱ्हाईकच गेले, हेही होते. तीर्थंकर रॉय आणि डग्लस हेन्स यांच्या अलीकडच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. सूत हाताने कातणाऱ्या, बहुतेक बायकाच असलेल्या, मजुरांचा धंदा पार बुडाला. विणणारा मात्र गिरणीचे स्वस्त सूत घेऊन पुष्कळ ठिकाणी तगला. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर इथले माग पुढच्या शतकात वाढले ते या तगण्यातून. मुंबईच्या गिरण्यांचे मोठे गिऱ्हाईक हातमाग होता, हे लक्षात घेतले की ‘जुने मेले, नवे जन्मले’ हा सरळ हिशेब राहत नाही. कातणाऱ्या बाईचे मात्र या सगळ्या वादात कोणी फारसे नाव घेत नाही.

माझे मत सांगायचे तर मुंबईचा उद्योग ना शूरांनी घडवला, ना तो फक्त दडपला गेला. तो अडचणीत आलेल्या व्यापाऱ्याने आणि अडचणीत असलेल्या कुळाने, दोघांनीही पुरते न गुंतता उभा केला. मालकाची बाजू आपल्याला बरीच कळते, कारण त्याचे कागद राहिले : कंपन्यांचे अहवाल, १८७५ साली स्थापन झालेल्या गिरणीमालक संघाची दप्तरे, सरकारी चौकशांच्या साक्षी. गावाची बाजू अशी एका जागी नाही. गावाने मजुरीतला नेमका किती वाटा उचलला, हे ठरवायला लागणारे कागद कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या घरांत, माळ्यांवरच्या ट्रंकांत पडून आहेत. मनीऑर्डरच्या पावत्या, खोताच्या दस्ताच्या चिठ्ठ्या, मुंबईहून आलेली पत्रे, खाणावळीच्या वह्या. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे काही असेल, तर ते रद्दीत देऊ नका. जवळच्या विद्यापीठाच्या किंवा ग्रंथसंग्रहालयाच्या हवाली करा.